कारखान्याचे नवे सॉफ्टवेअर : पुरवठादार कसा पारखावा?



कारखान्याच्या सर्व खात्यांसाठी एकच संगणक प्रणाली घेण्याचा विषय वार्षिक सभेत मंजूर झाल्यापासून शिवारफेरीत आणि गट कार्यालयात सभासद आम्हाला तीन प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, हे ई.आर.पी. म्हणजे नक्की काय?" "सगळ्यात कमी दराची निविदा आली, तर तीच का घेत नाही?" आणि तिसरा, खरा प्रश्न : "यात आमच्या वजनाचं आणि बिलाचं काय?"

प्रश्न रास्त आहेत. पैसा सभासदांचा आहे आणि प्रणालीत जाणारी माहितीही सभासदांचीच आहे. निवडीच्या कामात शेतकी खात्याचाही सहभाग असल्याने, पुरवठादार पारखण्याची पद्धत सर्वांना समजेल अशा भाषेत येथे मांडीत आहोत. कोणता पुरवठादार घ्यावा हे या लेखात सांगायचे नाही. तो अधिकार संचालक मंडळाचा आहे. पारख कशी करायची एवढेच सांगायचे आहे.

ई.आर.पी. म्हणजे काय?

ई.आर.पी. हे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग या नावाचे संक्षिप्त रूप. गार्टनर या अमेरिकन संस्थेने १९९० साली हे नाव रूढ केले. सोप्या भाषेत सांगायचे तर सगळ्या कारखान्याची एकच वही.

आज बहुतेक ठिकाणी काय असते? शेतकी खात्याकडे लागणीच्या नोंदी वेगळ्या, वजनकाट्याचा संगणक वेगळा, हिशेब खात्याचा वेगळा, स्टोअरचा वेगळा. शेअर्स विभागाची यादी आणखी निराळी. एकाच सभासदाचे नाव एका खात्यात आडनावाने सुरू होते, दुसऱ्यात स्वतःच्या नावाने. एका ठिकाणी बँक खाते नवे, दुसऱ्या ठिकाणी जुनेच. मग बिलाच्या वेळी चार याद्या समोर ठेवून मेळ घालत बसावे लागते. चूक होते ती इथेच.

एक वही झाली म्हणजे लागणीची नोंद एकदाच होते. त्याच नोंदीवरून तोडणी कार्यक्रम लागतो, त्यावरून तोडणी चिठ्ठी निघते, काट्यावरचे वजन त्याच खात्यावर पडते, त्यातूनच कपाती वजा होतात आणि बिल थेट बँकेत जाते. तोडणी-वाहतूकदाराची उचल, त्याचे डिझेल, त्याचे कमिशन, हेही त्याच वजनावरून निघते. साखर, मळी, आसवनी, सहवीज, स्टोअर, पगार हे सगळे याच साखळीचे पुढचे दुवे.

आपल्या गावच्या विकास सोसायटीतही हाच बदल चालू आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात सर्व सोसायट्यांसाठी ई.आर.पी. धर्तीचे एकच सामाईक सॉफ्टवेअर ठेवले आहे. सोसायटीची कर्जवसुली आपल्या ऊस बिलातून होते. तेव्हा आपल्या प्रणालीला सोसायटीच्या प्रणालीशी यादी घेता-देता येते का, हाही निवडीतला एक प्रश्न आहेच.

सभासदाचे यात काय अडकले आहे?

तीन गोष्टी अडकल्या आहेत : पाळी, वजन आणि बिल.

पहिली पाळी. लागणीची तारीख, जात आणि हंगाम (आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा) यावर तोडणीचा क्रम ठरतो. नोंदीत तारीख चुकली तर पक्व ऊस उभा राहतो, त्याला तुरा येतो, वजन घटते आणि शेजारचा कोवळा ऊस आधी तुटतो. नुकसान शेतकऱ्याचेही आणि उताऱ्याच्या रूपाने कारखान्याचेही.

दुसरे वजन. वैधमापन खाते काटा तपासून त्यावर शिक्का मारते. पण तो शिक्का काट्याचा, सॉफ्टवेअरचा नव्हे. काट्यावरचा आकडा पावतीवर येईपर्यंतची वाट आपल्यालाच राखावी लागते. आकडा काट्यावरून थेट संगणकात गेला पाहिजे, मध्ये कोणाचे बोट लागता कामा नये. नाइलाजाने हाताने आकडा भरावा लागलाच, तर कोणी, कधी व का भरला याची न पुसणारी नोंद राहिली पाहिजे.

तिसरे बिल. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर थकीत रकमेवर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. एक लाख रुपयांचे बिल मुदतीनंतर पंधरा दिवस रखडले तर व्याजच सुमारे ६१६ रुपये होते. हजारो सभासदांची बिले सॉफ्टवेअरच्या घोळामुळे अडली तर कारखान्यावर केवढा बोजा पडेल, आणि घरी लग्न किंवा सोसायटीचा भरणा तोंडावर असलेल्या सभासदाची किती ओढाताण होईल, याचा अंदाज यावरून यावा.

म्हणून शेतकी खात्याचे मत पहिल्यापासून एकच आहे : निवड सुरू करायची ती सभासदाच्या नोंदीपासून ते त्याच्या बिलापर्यंत. बाकी सगळे त्यानंतर.

बाजारात कोण कोण आहेत?

ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार जगभर चालणाऱ्या मोठ्या पॅकेजचा. सॅप, ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट ही त्यातली नावे. सॅप ही १९७२ साली जर्मनीत सुरू झालेली कंपनी. यांची हिशेब, स्टोअर, खरेदी ही अंगे पक्की असतात. पण गट, टोळी, मुकादम, उचल, खोडवा हे शब्द त्यांना ठाऊक नसतात, ते बसवून घ्यावे लागतात. शिवाय पॅकेज एकाचे आणि बसवून देणारी कंपनी बहुधा दुसरी. म्हणजे निवड दोन वेळा करावी लागते. नाव मोठे असले तरी कामाला येणारी माणसे कोण, हे वेगळे तपासायचे.

दुसरा प्रकार साखर कारखान्यांसाठीच सॉफ्टवेअर करणाऱ्या, मुख्यतः आपल्याच भागातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांचा. यांना तोडणी-वाहतूक, पंधरवड्याचे बिल, कपाती हे सगळे तोंडपाठ असते. माणूस मराठीत बोलतो, बोलावले की येतो. पण कंपनी दोन-चार माणसांवर उभी असेल, तर ती माणसे गेल्यावर काय, हा प्रश्न उरतो. हिशेबाची बाजू किती पक्की आहे, हेही पाहावे लागते.

तिसरा प्रकार मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ई.आर.पी.नेक्स्ट हे याचे ठळक उदाहरण. यात परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि मूळ प्रोग्रॅम आपल्यासमोर उघडा असतो. फुकट मात्र काहीच नसते. बसवणे, ऊस विभाग तयार करून घेणे, सांभाळणे याला जाणकार माणूस लागतो, आणि तो पगार मागतो.

यातला कोणताही प्रकार मुळातच वाईट नाही. काळ्या रानाला एक जात, मुरमाड रानाला दुसरी, तसेच हे. शेजारच्या कारखान्यात चालले म्हणून आपल्याकडे चालेलच असे नाही.

बैल औताला जुंपून बघा

बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, शेपटी पिळतो, चालवून बघतो. तरीही जाणता शेतकरी औताला जुंपल्याशिवाय पैसे मोजत नाही. सॉफ्टवेअरचेही असेच. पुरवठादार पडद्यावर जे दाखवतो ती त्याच्या सोयीची माहिती असते. दहा सभासद, दहा खेपा, सगळे हिशेब गोल. त्यावर भुलून जायचे नाही.

आम्ही असे सुचविले आहे की, मागच्या हंगामातला एक गट आणि एक पंधरवडा निवडावा. त्या पंधरवड्याच्या सगळ्या लागण नोंदी, खेपा, उचली व कपाती (ओळख पटणारी नावे-नंबर बदलून) प्रत्येक पुरवठादाराला सारख्याच द्याव्यात. त्याने आपल्यासमोर त्या चढवून बिले काढावीत. ती दिलेल्या बिलांशी रुपयारुपयाने जुळली पाहिजेत. न जुळली तर का नाही, हे त्याने कागदावर दाखवावे.

आणि सरळ उदाहरणे देऊन भागणार नाही, अडचणीची द्यावीत. शेतकी खात्याने काढलेल्या यादीतली काही अशी :

१. एकाच गावात एकाच नावाचे दोन सभासद.
२. सभासद वारले, वारस नोंद बाकी आहे, ऊस मात्र तुटला आहे.
३. सात-बारावर सामाईक खाते, बिल तिघा भावांत वाटून द्यायचे.
४. एका ट्रॉलीत दोन शेतकऱ्यांचा ऊस.
५. जळीत ऊस, त्याची आधी तोडणी आणि नियमाप्रमाणे कपात.
६. त्याच प्लॉटमध्ये अर्धा ऊस टोळीने तोडला, अर्धा हार्वेस्टरने.
७. सोसायटी, बँक आणि उपसा सिंचन योजना अशा तिघांची वसुली, आणि बिल तिघांना पुरत नाही. आधी कोणाची कापायची?
८. भरलेले वजन झाले, गाडी गव्हाणीवर रिकामी झाली आणि रिकाम्या वजनाआधी वीज गेली.

ही उदाहरणे दर हंगामात प्रत्येक गटात घडतात. जो पुरवठादार यावर "नंतर करून देऊ" म्हणतो, त्याच्या गुणपत्रकात "नाही" असेच लिहावे. "नंतर" चे पैसे नंतर वेगळे लागतात.

काट्याच्या वेगाचीही चाचणी हवी. समजा रोजचे गाळप ५,००० टन आणि सरासरी खेप १० टनांची. म्हणजे ५०० खेपा. भरलेले आणि रिकामे मिळून १,००० वजने. चोवीस तासांत मिनिटे १,४४०. म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत एक वजन, तेही रात्रंदिवस. गाड्या काही अशा समान अंतराने येत नाहीत, पहाटे आणि संध्याकाळी एकदम रांग लागते. त्या वेळी पडद्यावर चक्र फिरत बसले, तर रांग यार्डाबाहेर रस्त्यावर जाते आणि उसाचे वजन उन्हात वाळते. इंटरनेट बंद पडले तरी काटा चालू राहिला पाहिजे आणि लाईन आल्यावर नोंदी आपोआप मुख्य संगणकात गेल्या पाहिजेत. हे तोंडी ऐकून घ्यायचे नाही. वायर काढून बघायचे.

नियम बदलतात, सॉफ्टवेअर बदलेल का?

आपला धंदा सरकारी नियमांशी बांधलेला आहे. २००९ साली किमान वैधानिक किमतीच्या जागी एफ.आर.पी. आली. २०१७ साली जी.एस.टी. आला. २०२२ साली राज्य शासनाने एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला, तो मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे असा दर ठरला. म्हणजे ११.२५ टक्के उतारा असेल तर क्विंटलला ३८९ रुपये ६० पैसे, अर्थात टनाला ३,८९६ रुपये. यातून तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो.

दर हंगामाला आकडा बदलणार, कधी सूत्रच बदलणार. हा बदल आपल्या हिशेब खात्याला स्वतः करता येतो, की दर वेळी पुरवठादाराचा माणूस बोलवावा लागतो? हा प्रश्न निविदेत स्पष्ट विचारला पाहिजे. दर बदलल्यावर मागील पंधरवड्यांचा फरक काढून मिळतो का, हेही करून दाखवायला सांगावे.

तिघा मोठ्यांना लागलेली ठेच

कोणी म्हणेल, मोठी कंपनी घेतली की काळजी मिटली. तसे नाही. तीन उदाहरणे जगजाहीर आहेत.

हर्शे ही अमेरिकेतली चॉकलेटची मोठी कंपनी. तिने चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकायचे ठरवले आणि जुलै १९९९ मध्ये नवी प्रणाली एकदम सुरू केली. पुढे लगेच ऑक्टोबरअखेरचा हॅलोवीन, म्हणजे तिकडे गोडधोड खपण्याचा हंगाम. माल गुदामात होता, पण मागणी आणि माल यांचा मेळ संगणकात बसेना. सुमारे दहा कोटी डॉलरच्या मागण्या वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. धडा : हंगामाच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू करायची नाही.

फॉक्समेयर ही अमेरिकेतली औषधांची घाऊक कंपनी. तिची जुनी यंत्रणा एका रात्रीत ४,२०,००० मागण्या हाताळत होती, नवी फक्त १०,००० च्या आसपास. १९९६ साली कंपनीने दिवाळे काढले. कारणे आणखीही होती, पण हे मोठे होते. धडा : गर्दीच्या वेळचा भार आधी तपासायचा. काट्याचे गणित वर मांडले ते यासाठीच.

लिडल ही जर्मनीतली किराणा दुकानांची साखळी. २०११ पासून सात वर्षे काम करून, सुमारे ५० कोटी युरो खर्चून, २०१८ साली तिने तो प्रकल्प गुंडाळला. पॅकेज मालाचा हिशेब विक्रीच्या किमतीवर ठेवणारे, लिडलची रीत मात्र खरेदीच्या किमतीची. आपली रीत न सोडता पॅकेज बदलत गेल्याने गुंता वाढत गेला. धडा दुहेरी आहे. आपली कोणती पद्धत खरोखर गरजेची आणि कोणती केवळ सवयीची, हे आधी आपल्यात ठरवायचे. वारस नोंद, सामाईक खाते, जळीत ऊस ही गरज आहे. तीच माहिती तीन रजिस्टरांत लिहिणे ही सवय आहे, ती सोडायला आपली तयारी हवी.

स्वस्त कोणते?

आता कमी दराच्या निविदेचा प्रश्न. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी मांडले आहेत, कोणाच्या निविदेतले नाहीत.

"अ" पुरवठादाराचा दर ३० लाख, "ब" चा ४८ लाख. वरवर पाहता "अ" अठरा लाखांनी स्वस्त. पण "अ" जुनी माहिती चढवणे आणि प्रशिक्षण याचे ८ लाख वेगळे घेतो. पहिल्या वर्षानंतर देखभाल दरसाल २२ टक्के, म्हणजे ६ लाख ६० हजार, चार वर्षांचे २६ लाख ४० हजार. लहानमोठ्या बदलांचे दरसाल ४ लाख धरले तर पाच वर्षांचे २० लाख. एकूण ८४ लाख ४० हजार.

"ब" च्या दरात माहिती चढवणे व प्रशिक्षण आले. देखभाल १५ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार, चार वर्षांचे २८ लाख ८० हजार. ठरावीक बदल करारातच असल्याने वरखर्च दरसाल १ लाख, पाच वर्षांचे ५ लाख. एकूण ८१ लाख ८० हजार.

अठरा लाखांनी स्वस्त वाटणारा पाच वर्षांत २ लाख ६० हजारांनी महाग पडला. सर्व्हर किंवा क्लाउडचे भाडे, प्रिंटर, चिटबॉयच्या हातातली यंत्रे हेही त्यात मिळवायचे. म्हणून निविदेतच पाच वर्षांचा सगळा खर्च एका तक्त्यात मागितला पाहिजे. बेणे स्वस्त मिळाले म्हणून लावले आणि पुढे नांग्या भरण्यातच पैसा गेला, असे व्हायला नको.

गुण कसे द्यावेत?

निविदा दोन लिफाफ्यांत मागवाव्यात, एक तांत्रिक व एक दराचा. गुणांची विभागणी निविदा निघण्यापूर्वीच छापावी, म्हणजे नंतर कोणाच्या सोयीने बदलता येणार नाही. आमची सूचना अशी :

नोंद ते बिल ही साखळी पूर्ण आहे का : २५ गुण
आपल्या माहितीवरील चाचणी : १५ गुण
चालू असलेल्या कारखान्यांना भेट : १० गुण
सेवा देणारी माणसे व हंगामातील हजेरी : १० गुण
माहितीची मालकी व सुरक्षितता : १० गुण
पाच वर्षांचा एकूण खर्च : ३० गुण

तांत्रिक ७० पैकी किमान ४९ मिळाले तरच दराचा लिफाफा उघडावा. सर्वांत कमी एकूण खर्चाला ३० गुण, इतरांना त्या प्रमाणात कमी. वरच्या उदाहरणात "ब" ला ३०, तर "अ" ला २९ च्या आसपास मिळतील. गुण प्रत्येक सदस्याने स्वतंत्र द्यावेत आणि मग बेरीज करावी.

भेटीबद्दल एक सांगतो. पुरवठादार नेईल त्याच कारखान्यात जाऊन भागत नाही. त्याची पूर्ण ग्राहक यादी मागवून कारखाने आपण निवडायचे आणि भेट चालू हंगामात करायची. ऑफिसात चहा झाला की काट्यावर जायचे, चिटबॉयशी बोलायचे, रांगेतल्या गाडीवानाला पावती मागायची. ज्या कारखान्याने ती प्रणाली सोडली, त्यालाही विचारायचे. खरे उत्तर तिथेच मिळते.

माहिती कोणाची?

करारात एक कलम ठळक हवे : सभासदांची सर्व माहिती कारखान्याच्या मालकीची आहे, आणि करार संपल्यावर ती वाचता येईल अशा स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत, जादा पैसे न घेता परत मिळेल. हे नसेल तर पुढे पुरवठादार बदलायचा म्हटले की आपले हात बांधलेले. सून आणताना मोडण्याचा विचार कोणी करत नाही, पण व्यवहारात तो आधी करावा लागतो.

पुरवठादार बंद पडला तर मूळ प्रोग्रॅमची प्रत मिळावी म्हणून ती त्रयस्थाकडे ठेवण्याची तरतूद असावी. रोजची नक्कलप्रत कारखान्याच्या आवाराबाहेरही ठेवावी. आधार, बँक खाते, मोबाईल ही माहिती कोणकोण पाहू शकते, याची मर्यादा हवी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, त्यामुळे ही आता नुसती सभ्यतेची बाब राहिलेली नाही.

सुरुवात कधी?

हर्शेचा धडा लक्षात ठेवून टप्पे पाडावेत. हिशेब व स्टोअर आर्थिक वर्षाच्या आरंभी, एप्रिलमध्ये. ऊस नोंद जून-जुलैत, आडसालीच्या लागणी सुरू होतात तेव्हा. काटा आणि बिल सर्वांत शेवटी. बॉयलर पेटण्यापूर्वी मागच्या हंगामाच्या माहितीवर पूर्ण तालीम झाली आणि बिले जुळली, तरच. न जुळली तर तो हंगाम जुन्या पद्धतीवरच काढावा. एक हंगाम थांबले तर बिघडत नाही. चालू गाळपात काटा थांबला तर बिघडते.

सभासदांनी काय करावे?

प्रणाली कितीही चांगली असली तरी चुकीची माहिती घालून बरोबर बिल निघत नाही. यासाठी प्रत्येक सभासदाने पुढील गोष्टी कराव्यात :

१. आपल्या गट कार्यालयात जाऊन नाव, सभासद क्रमांक, गट नंबर व क्षेत्र सात-बाराशी ताडून पाहावे.
२. बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत व चालू मोबाईल नंबर द्यावा.
३. वारस नोंद राहिली असेल तर आताच अर्ज करावा. हंगामात धावपळ होते.
४. लागण झाल्यावर नोंदीची पावती घ्यावी आणि तारीख व जात वाचून पाहावी. कोएम ०२६५ लावून को ८६०३२ अशी नोंद राहिली, तर पुढची सगळी पाळी चुकते.
५. सामाईक खातेदारांनी वाटणीची लेखी संमती द्यावी.

आणि येत्या सभेत हा विषय निघेल तेव्हा पुढचे प्रश्न जरूर विचारावेत. आमच्याच माहितीवर चाचणी झाली का? बिले जुळली का? पाच वर्षांचा एकूण खर्च किती? करार संपल्यावर आमची माहिती परत कशी मिळणार? हंगामात बिघाड झाला तर पुरवठादाराचा माणूस किती तासांत काट्यावर हजर होईल? या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली, तर निवड नीट झाली असे समजावे.

नोंदी तपासण्यासाठी सर्व गट कार्यालयांत शेतकी मदतनीस उपलब्ध आहेत. येताना सात-बारा, पासबुक आणि मागील बिलाची पावती बरोबर आणावी, ही विनंती.

ऊसविकास अधिकारी,
शेतकी खाते